जोडी

एका नावाच्या, एका जातीच्या आणि एकाच खोक्यातून काढलेल्या दोन वस्तू सारख्या असतात, असे मला वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत वाटत असे. खिळे घ्या, गुंड्या घ्या, पोस्टाची तिकिटे घ्या. एकाऐवजी दुसरे वापरले म्हणून कोणाचे काही अडत नाही. ट्रान्झिस्टरही मी त्याच पंक्तीत बसविले होते. १९८४ सालच्या गणेशोत्सवात ही समजूत एका रात्रीत जळून गेली; आणि 'जळून गेली' हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. तिचा वास आमच्या वाड्याच्या चौकात पुष्कळ वेळ रेंगाळत होता.

आम्ही त्या वेळी पुण्यातील एका पेठेत, जुन्या वाड्यात राहत होतो. वाड्याचा स्वतःचा गणपती असे. दहा दिवस आरत्या, मुलांची नाटके, एखादे कीर्तन. आणि ह्या सर्वांसाठी ध्वनिवर्धक व कर्णा भाड्याने आणावा लागे. त्या वर्षी मी उत्सवाच्या कार्यवाहांना म्हणालो, "काका, दरवर्षी भाडे कशाला भरायचे? तेवढ्या पैशांत मी वाड्याला कायमचा ध्वनिवर्धक करून देतो." मी नुकताच महाविद्यालयात जाऊ लागलो होतो. दोन लहानसे रेडिओ आणि दारावरची एक विजेची घंटा, एवढीच माझी तोवरची कर्तबगारी. परंतु ती सर्वांच्या कानांवर गेलेली होती, घंटा तर जरा जास्तच. काकांनी विश्वास ठेवला. वर्गणीतून तीनशे रुपये मोजून माझ्या हातावर ठेवण्यात आले. त्यांत जिन्याखालच्या खोलीत एकट्या राहून शिवणकाम करणाऱ्या काकूंचे पाच रुपये होते, हे मला ठाऊक होते.

ट्रान्झिस्टरचे काम पाटाच्या दारासारखे आहे. शेताला पाणी देणारा माणूस पाटाच्या तोंडाशी असलेली लहानशी फळी वरखाली करतो आणि तिच्या हालचालीबरोबर पाण्याचा मोठा लोट कमीअधिक होतो. ट्रान्झिस्टरला तीन टोके असतात: बेस, कलेक्टर आणि एमिटर. बेसमध्ये शिरणारा अल्प प्रवाह ही ती फळी. कलेक्टरकडून एमिटरकडे जाणारा मोठा प्रवाह हे पाटाचे पाणी. बोलणाऱ्याच्या आवाजाने मायक्रोफोनमध्ये उठलेली क्षीण थरथर बेसला दिली, की तीच थरथर मोठी होऊन कर्ण्यापर्यंत जाते. लहान प्रवाहाच्या किती पट मोठा प्रवाह वाहतो, त्या आकड्याला कारागीर 'गेन' म्हणतात. जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन ह्यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या डिसेंबरात पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला, आणि १९५६ साली त्यांना विल्यम शॉक्ली ह्यांच्यासह भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे सर्व मी तेव्हा तोंडपाठ म्हणून दाखवीत असे. पाठ असणे आणि कळणे ह्यांतील अंतर पुढे कळावयाचे होते.

कर्ण्याला ताकद देणारे ट्रान्झिस्टर मी २एन ३०५५ ह्या जातीचे निवडले. हा ट्रान्झिस्टर १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील आरसीए कंपनीने बाजारात आणला, आणि घरच्या घरी ध्वनिवर्धक बांधणाऱ्या साऱ्या जगातील हौशी मंडळींचा तो लाडका झाला. शंकरपाळ्याच्या आकाराची धातूची बैठक, तिच्यावर गोल टोपी, असे त्याचे ध्यान. १५ अँपिअरपर्यंतचा प्रवाह सोसण्याची त्याची योग्यता कागदावर लिहिलेली असते. तथापि कर्ण्याचा सारा भार एकट्यावर पडू नये म्हणून माझ्या आकृतीत वरच्या अंगाला दोन व खालच्या अंगाला दोन, असे चार ट्रान्झिस्टर जोडीजोडीने जुंपलेले होते. पासोड्या विठोबाच्या देवळाजवळच्या बाजारातून मी दहा नग एकदम घेतले. दहा घेतल्यास दर कमी पडत होता.

येथे एक कबुली देणे भाग आहे. ज्या मासिकातून मी ती आकृती उतरवून घेतली होती, त्यात प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या एमिटरला ०.३३ ओहमचा एक जाडसा रेझिस्टर दाखविला होता. मला त्याचे हसू आले. एक तृतीयांश ओहम! एवढा विरोध काय उपयोगाचा? उगाच शक्ती खाणार आणि तापणार. मी त्या चार जागी तांब्याची सरळ तार लावली, आणि वाचलेल्या पैशांतून पेटीच्या दर्शनी बाजूस एक तांबडा दिवा बसविला. दिवा फार छान दिसे.

प्रतिष्ठेच्या दिवशी आरती झाली. आवाज स्वच्छ होता. काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरविला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी रात्री, मुलांचे नाटक होते. चौक भरलेला. मागच्यांना ऐकू येईना म्हणून कोणी तरी आवाज वाढवावयास सांगितले, मी वाढविला. दुसऱ्या अंकात सिंहगडावरचा मावळा दोर लावून चढत असतानाच कर्ण्यातून 'भों' असा एक जाड, लांबलचक आवाज निघाला आणि मग काहीच नाही. फ्यूज उडाला होता. पेटीतून धुराची एक बारीक रेषा वर गेली. तांबडा दिवा विझला. बिचारा मावळा काही वेळ तसाच अर्ध्या गडावर थांबला, आणि मग घसा ताणून बोलू लागला. मुलांनी उरलेले सारे नाटक ओरडून केले.

मी पेटी उघडली. वरच्या जोडीतील एक ट्रान्झिस्टर इतका तापला होता की त्याला बोट लावता येईना. त्याच्या जोडीदाराला हात लावला. तो नुसताच कोमट होता. हे मी पाहिले, माझ्या बोटांनी पाहिले. पण त्या घटकेला माझ्याभोवती दहापंधरा माणसे उभी होती आणि त्या सर्वांच्या चेहऱ्यांवर एकच प्रश्न होता. मी मान वर केली आणि म्हणालो, "माल खोटा निघाला. दुकानदाराने नकली ट्रान्झिस्टर दिले."

ते वाक्य किती सहज माझ्या तोंडून गेले! आणि किती सहज ते सर्वांना पटले! नकली माल बाजारात नसतोच असे नाही. त्यामुळे माझ्या म्हणण्यावर शंका घेण्याचे कोणाला कारण नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याचा ध्वनिवर्धक आला, आणि वाड्यातील चारपाच तरुण मंडळींनी असे ठरविले, की मंगळवारी सर्वांनी मिळून त्या दुकानावर जायचे, पैसे परत मागायचे, आणि न दिल्यास चार लोकांसमक्ष त्याला चांगले सुनवायचे. त्यांनी मला पुढे चालावयास सांगितले. मी होकार दिला.

माझे वडील, अण्णा, खडकीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये कारागीर होते. पहाटे सायकल काढीत आणि संध्याकाळी परत येत. यंत्रांच्या खडखडाटात उभा जन्म गेल्यामुळे त्यांना बारीक आवाज ऐकू येत नसत. माझी घंटा त्यांना ऐकू येत असे, हे तिचे एकमेव समर्थन. आमचे बोलणे कमी. ते हातांनी काम करणारे आणि मी विज्ञान शिकणारा, असा एक अदृश्य पडदा मीच आमच्यामध्ये धरून ठेवला होता, हे आज लिहिताना मला बरे वाटत नाही. ध्वनिवर्धकाविषयी त्यांनी फक्त एकदा विचारले होते, "हा तांबडा दिवा कशाला?" मी उत्तर दिले नव्हते.

शनिवारी रात्री जेवताना ते म्हणाले, "माल खोटा होता म्हणतोस?"

"हो."

"मोजलास?"

मी ताटाकडे पाहिले. मोजला नव्हता. ट्रान्झिस्टर मोजता येतो, हे मला माहीत होते. कसा मोजतात, हेही माहीत होते. पण विकत आणलेली वस्तू कोणी मोजून पाहते काय? अण्णा पुढे काही बोलले नाहीत. त्यांचे न बोलणे मात्र माझ्याबरोबर अंथरुणापर्यंत आले.

सुदैवाने त्या दिवशी दुपारी मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून डिजिटल मीटर मागून आणला होता. तो त्या काळी महाग आणि दुर्मिळ. सोमवारी सकाळी परत करावयाचा, ह्या अटीवर तेथील साहाय्यकांनी तो विश्वासाने दिला होता. शेजाऱ्यांच्या मोटरसायकलची ६ व्होल्टची बॅटरी आणली. रविवारी सकाळी मी जुळवाजुळव केली. दहा नगांपैकी एक मेला होता. उरले नऊ: पेटीतून काढलेले तीन आणि न वापरलेले सहा. प्रत्येकाच्या टोपीवर मी चिठ्ठी डकवून आकडा घातला.

मोजणी तशी साधी होती. कलेक्टर आणि बेस एकत्र बांधून ५६ ओहमच्या रेझिस्टरमधून त्यांत सुमारे १०० मिलिअँपिअर प्रवाह सोडावयाचा, आणि बेस व एमिटर ह्यांमध्ये किती व्होल्ट भरतात ते पाहावयाचे. सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरमध्ये हा आकडा ०.६ व्होल्टच्या आसपास येतो. पाटाची उपमा पुढे चालवून सांगायचे, तर दार उघडू लागण्यासाठी फळीवर किती जोर लावावा लागतो, त्याचे हे माप. आणि येथेच मेख आहे. जोडीने जुंपलेल्या दोन ट्रान्झिस्टरांच्या बेसवर जोर सारखाच पडतो; परंतु एकाचे दार हलके असले, तर तो आधी आणि अधिक उघडतो. हा फरक दिसायला क्षुल्लक असतो. केवळ १८ मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा पन्नासावा भागही नव्हे. परंतु तेवढ्याने एकातून दुसऱ्याच्या दुप्पट प्रवाह वाहू लागतो.

इतक्यावर भागले असते तरी एक वेळ चालले असते. परंतु ज्याच्यातून प्रवाह अधिक, तो अधिक तापतो. आणि सिलिकॉन तापले की दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टांनी त्याचे दार आणखी हलके होते. म्हणून आणखी प्रवाह, म्हणून आणखी ताप. बैलजोडीतला एक बैल थकला म्हणजे मागे पडतो आणि जू तिरके होते. गाडीवानाला ते दिसते. हा बैल थकला म्हणजे अधिकच ओढतो, आणि त्याचा सोबती आयता चालत राहतो. बाहेरून काहीच दिसत नाही. आकृतीतील ते ०.३३ ओहमचे रेझिस्टर नेमके ह्याचसाठी होते: ज्याच्यातून प्रवाह अधिक, त्याच्या रेझिस्टरमध्ये अधिक व्होल्ट खर्ची पडतात आणि त्याचा जोर आपोआप कमी होतो. मी तो लगाम काढून त्या जागी तांब्याची तार लावली होती. हे माझ्या पुस्तकात छापलेले होते. त्या रविवारी ते मी पुन्हा वाचले, तेव्हा प्रथमच वाचल्यासारखे वाटले.

दुपारपर्यंत मी नऊही मोजले. आकडे ६०५ पासून ६४० मिलिव्होल्टांपर्यंत आले. खात्रीसाठी पुन्हा मोजले, तो निराळेच आकडे! चौथ्या क्रमांकाने पहिल्यांदा ६२२ दाखविले, दुसऱ्यांदा ६११, तिसऱ्यांदा ६१७. सहावा कधी दुसऱ्याच्या वर, कधी खाली. एकही ट्रान्झिस्टर आपल्या शब्दाला जागेना. खरे सांगायचे, तर मला आत कोठे तरी बरे वाटले. मी पेन्सिल फेकली आणि मोठ्याने म्हणालो, "पाहा, अण्णा! मी म्हणत नव्हतो? मालच खोटा. दर वेळी निराळे माप देतो."

अण्णा खिडकीशी सायकलच्या चाकाचे आरे ताणीत बसले होते. ते उठून माझ्याजवळ आले. मीटर त्यांनी पूर्वी पाहिलेला नव्हता. परंतु ते त्याच्याकडे पाहत नव्हतेच. ते माझ्या हातांकडे पाहत होते. "पुन्हा मोज," ते म्हणाले. मी चौथा नग उचलला, मुठीत धरला, तारा बोटांनी त्याच्या टोकांवर दाबून धरल्या आणि आकडा वाचला.

"तू त्याला हातात धरतोस," अण्णा म्हणाले.

"मग कशात धरू?"

ते खाली बसले, आणि इतके सलग बोललेले मी त्यांना प्रथमच ऐकले. टूलरूममध्ये स्लिप गेज नावाच्या पोलादाच्या लहान लहान विटा असतात. इतर मापे खरी की खोटी, हे त्यांच्यावरून ठरवितात. त्यांना कोणी उघड्या हाताने फार वेळ धरीत नाही. मऊ कातड्याने उचलतात, मांडून ठेवतात आणि थांबतात. पोलादाची १०० मिलिमीटर लांबीची वीट १ अंशाने तापली, तर सुमारे १ मायक्रॉनने वाढते. म्हणून मापाचे म्हणून २० अंश सेल्सिअस हे तापमान ठरलेले आहे, आणि ते साऱ्या जगात एकच आहे. "माणूस म्हणजे चालती शेगडी," अण्णा म्हणाले. "नव्या पोराला आम्ही पहिले हेच शिकवतो. तू ट्रान्झिस्टर मोजत नव्हतास. तुझ्या हाताची ऊब मोजत होतास."

मी मनातल्या मनात हिशेब केला. खोलीत २५ अंश, तळहाताला ३२ च्या आसपास. दर अंशाला २ मिलिव्होल्ट. चौथ्या नगाचे अकरा मिलिव्होल्ट माझ्या मुठीतच होते! हे गणित मला येत होते. उपयोग मात्र अण्णांना करता आला, आणि त्यांनी तर ट्रान्झिस्टर हा शब्दही नीट उच्चारला नव्हता.

मग आम्ही दोघांनी मिळून ते काम पहिल्यापासून केले. अण्णांनी देवघरासमोरचा लाकडी पाट आणला. त्यावर नऊ नग ओळीने, एकमेकांना न चिकटता मांडले. पंखा बंद केला. आईने पंख्याबद्दल तक्रार केली. तिला कारण सांगितल्यावर तिने तक्रार चालू ठेवली, पण पंखा लावला नाही. तारांना वाळत घातलेल्या कपड्यांचे लाकडी चिमटे लावले, म्हणजे बोटे लागू नयेत. वीस मिनिटे कोणी पाटाजवळ बसावयाचे नाही, असे ठरले. मला ती वीस मिनिटे फार जड गेली. अण्णा त्या वेळात आपला चष्मा पुसून वही आखीत होते.

प्रवाह सोडल्याबरोबर ट्रान्झिस्टर स्वतःच्या उष्णतेनेही किंचित तापू लागतो. म्हणून चिमटा लावल्यापासून बरोबर दहा सेकंदांनी आकडा वाचावयाचा, आधी नाही आणि नंतर नाही. अण्णा घड्याळाकडे पाहून "हां" म्हणत; मी आकडा सांगे; ते लिहीत. एकदा ओळ संपली की पुन्हा थांबणे. असे तीन फेरे. तिसऱ्या नगाच्या वेळी बाहेर कोणी तरी हाक मारली, माझे लक्ष गेले आणि आकडा उशिरा वाचला गेला. मी तो खोडून काळा करू लागलो, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "एक रेघ मार. चुकलेला आकडाही वाचता आला पाहिजे."

दिवेलागणीपर्यंत वही भरली. आता प्रत्येक नग आपल्या शब्दाला जागत होता. तीन फेऱ्यांत एका मिलिव्होल्टापेक्षा अधिक फरक कोठेही नव्हता. पहिला ६२८, तिसरा ६२९. चौथा ६२२, सातवा ६२३. दुसरा ६११, सहावा ६१२. आठवा ६३४, नववा ६१७. आणि पाचवा ६४०, सर्वांत वरचा. हा पाचवा म्हणजे शुक्रवारी मेलेल्या ट्रान्झिस्टरचा जोडीदार, तोच नुसता कोमट राहिलेला. मेलेल्याचे माप आता घेता येत नव्हते. परंतु तो नवव्यासारखा असता, तरी पाचव्यापेक्षा दुपटीहून अधिक प्रवाह त्याच्यातून गेला असता. मी त्याला बिचाऱ्याला एकट्याने ओढावयास लावले होते, आणि वर त्यालाच नकली म्हणालो होतो.

अजून गेन मोजावयाचा होता. बेसमध्ये सुमारे १० मिलिअँपिअर सोडून, बटण क्षणभरच दाबून, कलेक्टरच्या प्रवाहाचा काटा कोठपर्यंत जातो ते पाहिले. येथे एक गंमत झाली. दुसरा आणि सहावा ही जोडी पहिल्या मापात अगदी जुळी भावंडे दिसत होती. पण दुसऱ्याचा गेन निघाला ४४ आणि सहाव्याचा ६९. "उंची जुळली, चाल नाही जुळली," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी त्या जोडीवर एक रेघ मारली. पहिला ५८, तिसरा ६१. चौथा ५२, सातवा ५५. दोन जोड्या मिळाल्या. मला चारच हवे होते.

ह्या जातीचा गेन ४ अँपिअरला २० पासून ७० पर्यंत कोठेही असू शकतो, असे बनविणाऱ्यांनीच छापलेले आहे. असे का असावे, तर ट्रान्झिस्टरच्या मधला बेसचा थर अतिशय पातळ असतो, आणि भट्टीतून त्यात मुरविलेले परके अणू थोडे कमी किंवा थोडे अधिक खोल गेले, की त्याचा स्वभाव बदलतो. पुढच्या काळात एकाच चकतीवर शेजारी शेजारी घडविलेल्या ट्रान्झिस्टरांच्या जोड्या सर्रास मिळू लागल्या. एकच भट्टी, एकच घडी, एकच ऊब. त्यांना निवडीत बसावे लागत नाही. आज तर बाजारात मिळणारे एक लहानसे यंत्र क्षणार्धात गेन सांगते. तरी पण ट्रान्झिस्टर हातात धरून त्या यंत्रात खुपसणारे लोक मी पाहतो, तेव्हा मला आमचा तो पाट आठवतो.

परंतु त्या संध्याकाळी माझ्यापुढे निराळाच प्रश्न होता. नऊच्या नऊ ट्रान्झिस्टर चांगले होते. एकसुद्धा नकली नव्हता. ही गोष्ट आता वहीत, अण्णांच्या अक्षरात लिहिलेली होती.

सोमवारी सकाळी मी मीटर परत केला आणि काकांच्या घरी गेलो. वही त्यांच्यापुढे ठेवली. तिच्यातले त्यांना काही कळणार नव्हते, पण मोकळ्या हातांनी सांगण्याचे मला धैर्य होईना. "दुकानदाराचा दोष नाही," मी म्हणालो. "मी आकृतीप्रमाणे केले नाही." काकांनी वही उलटसुलट पाहिली आणि मिटली. नंतर ते म्हणाले, "पोरांना तू स्वतः सांग. मी सांगणार नाही." मी त्या तरुणांना सांगितले. त्यांतला एक हसला, तो बरा. दुसरा काहीच बोलला नाही, आणि पुढे वर्षभर त्याने मला कोणत्याही कामासाठी हाक मारली नाही.

मंगळवारी दुकानावर मी एकटाच गेलो. आपल्या नावाने आमच्या वाड्यात काय काय ठरले होते, हे त्या गृहस्थांना ठाऊक नव्हते. मी न सांगता परत आलो असतो, तरी चालण्यासारखे होते. पण सांगितले. ते गिऱ्हाइकाच्या पुड्या बांधीत शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी फक्त विचारले, "एमिटरला रेझिस्टर घातले होते का?"

"नाही."

त्यांनी मागच्या खणातून ०.३३ ओहमचे चार पांढरे रेझिस्टर काढून काचेच्या फळीवर ठेवले. म्हणाले, "आणि जोडीतले दोन्ही एकाच पत्र्यावर बसवा. एक तापला तर दुसऱ्यालाही कळले पाहिजे." त्यांनी रेझिस्टरांचे पूर्ण पैसे घेतले. का कोण जाणे, त्यामुळे मला फार हलके वाटले.

त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी प्रत्येक जोडी ॲल्युमिनियमच्या एकाच जाड पत्र्यावर, खाली अभ्रकाच्या चकत्या घालून बसविली. तांब्याच्या तारा काढून तेथे रेझिस्टर लावले. हे सारे होईपर्यंत उत्सवाचा सातवा दिवस उजाडला. ध्वनिवर्धक चौकात नेण्यापूर्वी घरीच चालवून पाहावा, असे अण्णांनी सुचविले. संध्याकाळी रेडिओवरील कार्यक्रम त्यातून लावला. आईने एका कानावर हात ठेवला. अर्धा तास मी आवाज मोठाच ठेवला होता, आणि त्या अर्ध्या तासात माझे लक्ष गाण्याकडे मुळीच नव्हते. मी वास घेत होतो.

"आवाज कसा आहे, अण्णा?" मी विचारले.

"आवाजाचे मला काय विचारतोस?" ते म्हणाले, आणि त्यांनी बटण बंद करावयास सांगितले. मी बंद केले. ते पेटीपाशी बसले, उजव्या हाताची दोन बोटे आधी सदऱ्याला पुसली, आणि वरच्या जोडीच्या दोन टोप्यांवर एकेक बोट ठेवले. डोळे मिटून ते काही वेळ तसेच बसले. मग खालची जोडी. मग पुन्हा वरची.

"दोन्ही सारखेच तापलेत," अण्णा म्हणाले, आणि हात धुवावयास मोरीकडे गेले.